डाग जाईलच, कातडी सांभाळा

शाईनं माखलेला हात दिसला की आपल्या घरांत एकच हुकूम सुटतो, "घासून काढ!" मग कोणी भांड्यांची घासणी आणतं, कोणी लिंबू कापतं, कोणी गॅलरीतल्या रंगाच्या डब्याशेजारची थिनरची बाटली शोधतं. डाग निघेल की नाही ते सांगता येत नाही, कातडी मात्र नक्की सोलवटते. पेन बदलले, शाई बदलली, घरात प्रिंटर आला, मुलांच्या दप्तरात मार्कर आले, तरी हुकूम तोच राहिला. या लेखात तो हुकूम जरा सुधारून पाहू.

मी सॉफ्टवेअरचा माणूस, डॉक्टर नाही. पण आमच्या कामात एक सवय अंगी लागते. काहीही दुरुस्त करायला घेण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते बघायचं. शाईच्या डागालाही हीच सवय लावली तर काम सोपं होतं. शाई कोणती, डाग अंगावर कुठे आणि कातडी कोणाची, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की उपाय आपोआप ठरतो. बहुतेक वेळा तो साबण, पाणी आणि खोबरेल तेल यांच्या पलीकडे जात नाही.

डाग नेमका कुठे बसतो?

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. एकावर एक रचलेल्या चपट्या पेशींचे साधारण १५ ते २० पापुद्रे, आणि त्यांच्या फटी भरणारा स्निग्ध पदार्थ. विटा आणि चुना समजा. बहुतेक अंगावर हा थर कागदाच्या पानापेक्षाही बारीक असतो, तळहात आणि तळपायावर मात्र चांगला जाड. शरीरातलं पाणी आत आणि बाहेरची घाण बाहेर ठेवायचं काम हाच थर करतो.

शाईचा डाग याच मेलेल्या पेशींवर आणि त्यांच्या फटींत बसतो. हा थर सतत झडत असतो आणि खालून नवा येत असतो. दोन-तीन आठवड्यांत तो जवळजवळ सगळा बदलतो. म्हणजे काहीही केलं नाही तरी डाग जाणारच आहे. रोजच्या हात धुण्यानं आणि आंघोळीनं तर तो बहुतेक वेळा दोन-चार दिवसांतच फिकट होतो. मेंदीचंही हेच. मेंदीतला रंग कातडीतल्या प्रथिनाला घट्ट धरून बसतो, म्हणून ती धुऊन जात नाही, पेशी झडतील तशी उतरते. मेंदी उतरायची वाट आपण हौसेनं पाहतो आणि शाईला मात्र एक तासही देत नाही.

जोरात घासलं की विटाही निघतात आणि चुनाही. खालची नाजूक कातडी उघडी पडते, आग होते, आणि त्यावर लावलेली कुठलीही रसायनं सहज आत शिरतात. घासलेल्या कातडीवर मग थिनर लावणं हा त्याहून मोठा धोका.

शाई ओळखा, अर्धं काम झालं

आमच्या इंदूरमध्ये आजी 'शाई' म्हणते आणि नातवंडं 'स्याही'. शब्द एकच, फारसीतल्या 'सियाह' म्हणजे काळा यावरून आलेला. एके काळी शाई खरोखर काळीच असायची. दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी, नाहीतर हिरडा आणि हिराकस. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली आणि पुढे त्यातूनच कॅमलिन उभी राहिली. त्या पिढीची शाई मुख्यतः पाण्यातली होती, म्हणून 'साबणानं धू' हा सल्ला तेव्हा पुरायचा. आज घरात पाच-सहा प्रकारची शाई असते आणि प्रत्येकीचा पिंड वेगळा असतो.

फाउंटन पेन आणि स्केचपेन : यात पाण्यात विरघळणारा रंग असतो. कोमट पाणी आणि साबण, एवढंच. धुता येणारे म्हणून विकले जाणारे स्केचपेन तर एका धुण्यातच जातात.

बॉलपेन : हंगेरीच्या लास्लो बिरो या पत्रकारानं १९३८ साली आपल्या बॉलपेनचं पेटंट घेतलं, त्यामागे झटपट वाळणारी, ओघळ न येणारी दाट शाई हीच कल्पना होती. ही शाई पाण्यात नाही, तेलकट द्रावकात असते, म्हणून नुसतं पाणी तिच्यावरून निसटतं. निळ्या बॉलपेनमध्ये पुष्कळदा क्रिस्टल व्हायोलेट नावाचा जांभळा रंग असतो. पूर्वी तोंड आलं की डॉक्टर जे जांभळं औषध लावायचे, त्यातला रंग हाच. ते औषध जिभेवरून दिवसभर जायचं नाही, आणि बॉलपेनचा डागही त्याच कारणानं चिवट असतो. हा रंग कातडीतल्या प्रथिनांना चिकटतो.

जेल पेन : यात बहुधा विरघळलेला रंग नसतो, रंगाचे अतिसूक्ष्म कण पाण्याच्या जेलमध्ये तरंगत असतात. ते बोटांच्या रेषांत आणि नखांच्या कडांना अडकतात. विरघळवून ते जात नाहीत, साबणाच्या फेसानं हळूहळू उचलावे लागतात.

परमनंट मार्कर : झटपट उडून जाणाऱ्या अल्कोहोलसारख्या द्रावकात रंग आणि चिकट राळ. द्रावक उडालं की राळेचा पापुद्रा उरतो. 'परमनंट' हा शब्द कागद, प्लॅस्टिक आणि काचेसाठी आहे, कातडीसाठी नाही. कातडी आपला वरचा थर सतत टाकत असते, तिथे परमनंट काहीच टिकत नाही.

शिक्क्याची आणि अंगठ्याची शाई : ग्लिसरीनसारख्या न वाळणाऱ्या द्रवात भरपूर रंग. नोंदणी कार्यालयातून आल्यावर आधी कोरड्या कागदानं टिपून घ्या, मग साबणाचे दोन-तीन हात द्या.

प्रिंटरची शाई : टाकी भरताना सांडते ती मुख्यतः पाण्यातली असते, पण रंग फार तीव्र. सांडल्याबरोबर धुतली तर बरीचशी जाते. लेझर प्रिंटरचा टोनर ही मात्र शाई नव्हे, ती प्लॅस्टिकची बारीक पूड असते. तिला आधी कोरड्या कागदानं झटकायचं आणि मग थंड पाणी व साबण. गरम पाणी नको, कारण उष्णतेनं मऊ होऊन चिकटणं हाच त्या पुडीचा गुण आहे. फुंकर मारून ती उडवूही नये, नाकात जाते.

सोपी पद्धत, एकापाठोपाठ एक

पहिली पायरी, टिपा. शाई ओली असेल तर चोळू नका. शाळेत टिपकागद वापरायचो तसा टिश्यू किंवा जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा वरून दाबा. चोळल्यानं एका बोटाचा डाग पाचही बोटांना जातो.

दुसरी पायरी, कोमट पाणी आणि साबण. हात ओले करून अंगाचा साबण किंवा हात धुण्याचं लिक्विड घ्या, फेस करा आणि अर्धा-एक मिनिट फेस तसाच हातावर ठेवून बोटांनीच हलके फिरवा. भांड्यांचं लिक्विड मोठ्या माणसाच्या तळहाताला एखाद-दुसऱ्या वेळी चालतं, चेहऱ्याला नाही. फाउंटन पेन, स्केचपेन आणि प्रिंटरच्या ताज्या शाईचं काम बहुधा इथेच संपतं.

तिसरी पायरी, तेल. बॉलपेन किंवा मार्कर असेल तर डागावर खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. गोडेतेल, बेबी ऑइल, मेकअप काढायचं तेलकट क्लीन्झर, काहीही चालेल. तेलकट गोष्ट तेलातच सुटते, एवढंच यामागचं शास्त्र. पाच मिनिटांनी मऊ कापडानं पुसा आणि साबणानं धुवा. कापडावर निळा रंग उतरलेला दिसला म्हणजे उपाय लागू पडतोय. मग हीच फेरी आणखी एकदा करा.

चौथी पायरी, सॅनिटायझर. ही फक्त मोठ्यांसाठी आणि शाळकरी मुलांच्या हातांसाठी, तेही मोठ्या माणसाच्या हातून. अल्कोहोलचा सॅनिटायझर कापसाच्या काडीवर घ्या आणि डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत जा. मध्यातून बाहेर गेलात तर डाग पसरतो. काडी रंगली की नवी घ्या. लगेच साबणानं हात धुवा आणि थोडं तेल किंवा व्हॅसलिन लावा, कारण अल्कोहोल डागाबरोबर कातडीचा तो 'चुना'ही ओढून नेतं. हे सगळं गॅसपासून, देवघरातल्या निरांजनापासून आणि उदबत्तीपासून दूर करायचं. अल्कोहोलची ज्योत उजेडात नीट दिसतही नाही. हात पूर्ण वाळेपर्यंत गॅस पेटवू नका.

आणि पाचवी पायरी, थांबा. हीच सगळ्यात अवघड. साबण, तेल आणि हवं तर सॅनिटायझर, यांच्या दोन फेऱ्या झाल्यावर जे उरेल ते राहू द्या. रात्री तेल लावा, सकाळी आंघोळ करा. फिकट निळं बोट घेऊन शाळेत किंवा ऑफिसात गेल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

शिवजयंतीच्या मिशा

दरवर्षी फेब्रुवारीत आपल्या मंडळांमधून छोटे शिवबा दिसतात. जिरेटोप, कपाळावर चंद्रकोर आणि ओठांवर कोरलेल्या मिशा. आमच्या इमारतीतल्या एका घरी काजळाच्या मिशा घामानं पसरतात म्हणून चार वर्षांच्या मुलाला मार्करनं मिशा आणि दाढी काढली. कार्यक्रम झोकात झाला. घरी आल्यावर मात्र साबणानं मिशा जाईनात. दुसऱ्या दिवशी शाळा. कुणीतरी सुचवलं म्हणून थिनरचा बोळा फिरवला. मिशा निघाल्या, पण वरच्या ओठाची कातडी लाल होऊन सोलली. दोन दिवस त्या पोराला वरण-भातसुद्धा झोंबत होता. डॉक्टरांनी साधं मलम दिलं, आठवड्याभरात सगळं ठीक झालं. पण नाकाखाली थिनरचा बोळा धरलेला असताना ते मूल श्वासातून काय ओढत होतं, हे त्या आईला नंतर सुचलं आणि ती घाबरली.

त्या घरातलं कुणी निष्काळजी नव्हतं. त्यांना घाई होती, आणि 'डाग म्हणजे लगेच काढायची गोष्ट' ही आपल्या सगळ्यांची समजूत त्यांचीही होती. मिशांसाठी चेहऱ्याला लावायचे रंग किंवा काजळ-पेन्सिल वापरावी आणि वरून थोडी पावडर टिपावी, घामातही टिकते. आणि मार्कर लागलाच तर तेल, मऊ कापड, साबण आणि दोन दिवसांची फिकट मिशी. शाळेतली पोरं हसली तर हसू द्यावीत, शिवबाच झाला होता ना!

हे हातात घेऊ नका

थिनर, टर्पेंटाइन, पेट्रोल, रॉकेल : हे डाग काढतात यात शंका नाही, पण कातडीतला सगळा स्निग्धपणा खेचून घेतात आणि वेळ लागला तर रासायनिक भाजल्यासारखं करतात. त्यांच्या वाफा श्वासात जातात आणि पेट चटकन घेतात. खरी भीती वेगळीच आहे. डाग काढायला काढलेली बाटली ओट्यावर राहते आणि लहान मूल ती तोंडाला लावतं. रॉकेलचा एखादा घोट श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसांना गंभीर सूज येऊ शकते. असं झालं तर उलटी करायला लावू नका, थेट दवाखाना गाठा.

कपड्यांचं किंवा फरशीचं ब्लीच : बोटांना लागल्यावर जे बुळबुळीत वाटतं तो स्वच्छतेचा पुरावा नसतो, ते तीव्र अल्कली कातडीच्या वरच्या थरावर हल्ला करत असतं. त्यात भर म्हणून कोणी संडास साफ करायचं ॲसिड मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच कशातही मिसळायचं नाही, अल्कोहोलमध्येसुद्धा नाही.

लिंबू आणि ऊन : लिंबू घरचं, म्हणून निर्धोक वाटतं. पण कागदी लिंबाच्या रसात काही द्रव्यं असतात, ती कातडीवर राहून त्यावर ऊन पडलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि नंतर तपकिरी डाग राहतात. शाई चार दिवसांत गेली असती, हे डाग कित्येक आठवडे, कधी महिने राहतात. लिंबू वापरलंच असेल तर बाहेर पडण्याआधी साबणानं स्वच्छ धुवा.

घासणी, दगड, खरखरीत मीठ आणि सोडा : टाचेचा दगड टाचेसाठीच ठेवा. खाण्याचा सोडा अल्कली आहे, कातडीचा स्वभाव किंचित आम्ल. दोघांचं पटत नाही, त्यात घासणं आलं की चुरचुर ठरलेली.

नेलपॉलिश रिमूव्हर : नखाच्या पृष्ठभागावर मोठ्या माणसानं क्वचित वापरला तर एक वेळ ठीक, कातडीवर आणि मुलांना नको.

कातडी म्हणजे प्लॅस्टिकचा पत्रा नव्हे

"वरूनच तर लावायचंय, पोटात थोडंच जातंय?" असं पुष्कळांना वाटतं. आपल्याकडचंच उदाहरण पाहा. धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचा रस वापरत. तीही एक शाईच, धुतल्यावरही न जाणारी. बिब्बा अंगावर उततो हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना ते माहीत नव्हतं. कपड्यांवरच्या धोब्याच्या खुणा कातडीला घासून त्यांच्या अंगावर खाज सुटून फोड आले आणि डॉक्टरांना त्याचं कारण शोधावं लागलं.

युरोपात एकोणिसाव्या शतकात याहून गंभीर प्रकार घडले. रुग्णालयांच्या लंगोटांवर ॲनिलीन असलेल्या शाईचे ताजे शिक्के मारलेले असत. ते न धुता बांधल्यावर तान्ही बाळं निळसर पडली, कारण कातडीतून आत गेलेल्या त्या द्रव्यानं रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी केली. आजच्या मुलांच्या पेनांत असली शाई नसते, हे खरं. पण कातडीतून गोष्टी आत जातात, आणि बाळाच्या कातडीतून जास्त जातात, एवढा धडा त्यातून घ्यायला हवा.

ज्यांची कातडी नाजूक, त्यांचे नियम वेगळे

दोन वर्षांच्या आतलं मूल : फक्त पाणी, बाळाचा साबण आणि तेल. अल्कोहोल नाही. बाळाच्या अंगाचा आकार पाहता थोडंसं अल्कोहोलही त्याला जास्त होतं, शिवाय बोटं लगेच तोंडात जातात.

चेहरा : पापण्या आणि डोळ्यांभोवती ओल्या कापडाशिवाय काही नको. गाल आणि ओठांभोवती तेल आणि सौम्य साबण.

आजी-आजोबा : वय वाढेल तशी कातडी पातळ होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नुसत्या घासण्यानंही जांभळे वण उठतात. मधुमेहात बोटांची जाणीव कमी झालेली असेल तर भाजतंय हे कळतही नाही. पेन्शनच्या कागदांवर अंगठा देऊन आलेल्या आजोबांचं बोट तेलानं पुसावं आणि सोडून द्यावं.

इसब, जखम, कापलेलं बोट : अल्कोहोल आणि कुठलंही द्रावक पूर्ण बंद. जखमेच्या कडेची शाई पाण्यानं जाईल तेवढी घालवा.

काही नवं लावण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून थोडा वेळ पाहण्याची सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी.

मतदानाची शाई काढायची नसते

ही एक शाई मात्र वेगळी. म्हैसूरच्या मैसूर पेंट्स अँड व्हार्निश या कर्नाटक सरकारच्या कारखान्यात ती बनते आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आहे. त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीतल्या मिठाशी त्याचा संयोग होतो, उजेड पडला की ते काळपट होतं आणि पेशींमध्येच पक्कं बसतं. साबण, तेल, सॅनिटायझर, कशाचाच उपयोग होत नाही, कारण तिथे विरघळण्यासारखं काही उरलेलंच नसतं. कातडीवरचा डाग काही दिवसांत ते काही आठवड्यांत झडतो. नखावरचा मात्र नख वाढून कापलं जाईपर्यंत राहतो, आणि हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटरच वाढतं. दुसऱ्यांदा मतदान होऊ नये यासाठीच ती आहे, म्हणून तिच्या मागे लागू नका. बोटावर जास्त ओघळून चुरचुरली तर भरपूर पाण्यानं धुवा, बस.

दवाखान्यात कधी जायचं?

डोळ्यात शाई किंवा सॅनिटायझर गेला तर लगेच नळाच्या स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेखाली डोळा उघडा धरून १५ ते २० मिनिटं धुवा, लेन्स असेल तर काढा, चोळू नका. नंतर डॉक्टरांना दाखवा.

मुलानं पेन चोखून जीभ निळी केली तर सहसा घाबरायचं कारण नसतं. पेनातली शाई फार थोडी असते. तोंड धुवा, पाणी पाजा. पेनचं टोपण घशात अडकणं ही त्याहून मोठी भीती. कित्येक पेनांच्या टोपणाला वर भोक असतं ते त्यासाठीच, ते अडकलं तरी थोडी हवा जात राहावी म्हणून. मूल गुदमरत असेल तर एक मिनिटही घालवू नका, १०८ ला फोन करा.

पेनचं टोक कातडीत घुसलं तर साबण-पाण्यानं जखम धुवा, आत राहिलेला रंग टोकरून काढायला जाऊ नका आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. आत राहिलेला निळा ठिपका गोंदणासारखा कायमचा राहू शकतो, त्यानं सहसा अपाय होत नाही.

काही लावल्यानंतर फोड, सूज किंवा वाढती आग जाणवली तर थंड नव्हे, साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं हात धरा आणि मग दाखवा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. नव्या जीन्सचा किंवा कच्च्या रंगाच्या चादरीचा रंग हातांना लागून बोटं निळी दिसतात आणि घरचे घाबरतात. ओल्या कापडावर साबण घेऊन पुसून बघा, कापडावर रंग आला तर काळजी मिटली. पण ओठ, जीभ किंवा नखं निळसर दिसत असतील, पुसून फरक पडत नसेल आणि धाप लागत असेल, तर तो डाग नाही. सरळ इस्पितळात जा.

आधीच थोडी तयारी

रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर पाहायला निघताना आपण काय करतो? केसांना, मानेला, कानामागे चांगलं तेल चोपडतो. रंगाला बसायला जागाच ठेवत नाही. शाईलाही हीच युक्ती लागू. प्रिंटरची टाकी भरण्याआधी नखांच्या कडांना व्हॅसलिन लावा, नाहीतर साधे हातमोजे घाला आणि खाली जुनं वर्तमानपत्र पसरा. फाउंटन पेनची हौस असलेल्या मुलामुलींनी पेन बेसिनपाशी भरावा. परमनंट मार्कर लहान मुलांच्या खोक्यात ठेवू नयेत. आणि थिनर-रॉकेल पाण्याच्या जुन्या बाटलीत कधीही नको, मूळ डब्यात, उंचावर, कुलपात.

शेवटचं मुलांबद्दल. शाईनं हात बरबटले की ओरडा बसतो हे कळलं की मुलं हात लपवायला शिकतात. मग ती स्वतःच न्हाणीघरात जाऊन हाताला लागेल ती बाटली उघडतात. त्यापेक्षा पाच-सहा वर्षांच्या मुलाला टिपायचं, साबण लावायचा, आणि निघाला नाही तर आई-बाबांना सांगायचं, एवढं शिकवून ठेवावं. बेसिनशेजारी खोबरेल तेलाची छोटी बाटली आणि एक मऊ फडकं ठेवलं की घरातलं डाग काढायचं सामान पुरं झालं.